प्रकाश गिळणारे रेणू: रंग जमतो, पुढचं जमत नाही

रंगारी (धागाकर्ता)

शुक्रवारी संध्याकाळी गर्द हिरव्या द्रावणाची बाटली खिडकीशी ठेवून मी घरी गेलो. सोमवारी त्याच बाटलीत फिकट पिवळं पाणी होतं. झाकण जसंच्या तसं, चिठ्ठीवर अक्षर माझंच. तीन आठवडे खपून केलेला रेणू दोन दिवसांच्या उन्हात स्वतःच स्वतःला खाऊन मोकळा झाला होता.

रेणू सायनिन घराण्यातला. दोन टोकांना नायट्रोजन, मधे एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी. मला शोषणाचं शिखर, म्हणजे ज्या तरंगलांबीचा प्रकाश रेणू सगळ्यात जास्त गिळतो ती, ७८० नॅनोमीटरला हवं होतं, ७८३ ला मिळालं. शुक्रवारी मी खूश होतो तो या आकड्यावर.

बरीच वर्षं हेच काम केल्यावर माझं मत असं झालंय की हवा तो रंग मिळवणं हा या धंद्यातला सोपा भाग आहे. त्याचा हिशोब शाळेतल्या रसायनशास्त्राच्या फार पुढचा नाही. एथिलीनमध्ये एकच दुहेरी बंध, तो १७० नॅनोमीटरच्या आसपास शोषतो, म्हणजे खोल अतिनीलात. दोन बंध एकाआड एक जोडले की ब्यूटाडाईन, २१७. तीन जोडले की २५८. बीटा-कॅरोटीनमध्ये असे अकरा आहेत, ते ४५० च्या आसपासचा निळा प्रकाश खातं आणि म्हणून आपल्याला नारिंगी दिसतं. इलेक्ट्रॉनला हिंडायला जेवढी लांब ओसरी, तेवढी त्याची वरची उडी स्वस्त. उडी स्वस्त म्हणजे तरंगलांबी मोठी.

कॅरोटीनसारख्या साखळीत मात्र बंध जोडत गेलं की फायदा कमी कमी होत जातो, कारण तिथे एक बंध आखूड, एक लांब, असं कायम राहतं आणि इलेक्ट्रॉनला पायरीपायरीवर ठेच लागते. सायनिनमध्ये दोन्ही टोकांचे नायट्रोजन धनभार वाटून घेतात, त्यामुळे सगळे बंध जवळजवळ सारख्या लांबीचे होतात. ओसरी सपाट. तिथे दोन कार्बन वाढवले की शिखर साधारण शंभर नॅनोमीटर सरकतं: तीन कार्बनांची साखळी ५५० च्या जवळ, पाचांची ६५०, सातांची ७५०. वरून टोकाची कडी बदलून, कुठे क्लोरीन लावून दहावीस नॅनोमीटर इकडेतिकडे करता येतात.

गोष्ट इथे संपली असती तर मी सोमवारीही खूश असतो.

फोटॉन गिळल्यावर रेणूच्या हातात निखारा येतो. तो कुठे टाकायचा? वाटा मोजक्याच. हलूनडुलून उष्णता करून टाकायची. प्रकाश म्हणून परत फेकायचा, म्हणजे प्रतिदीप्ती. इलेक्ट्रॉन शेजाऱ्याच्या गळ्यात घालायचा. स्वतःचा आकार बदलायचा. किंवा ट्रिप्लेट नावाच्या मधल्या, रेंगाळणाऱ्या अवस्थेत उतरायचं. तिथून खाली यायला बराच वेळ लागतो, आणि तेवढ्यात हवेतला ऑक्सिजन येऊन ती ऊर्जा घेतो आणि सिंगलेट ऑक्सिजन बनतो. हा गडी दुहेरी बंध दिसला की तुटून पडतो. माझ्या बाटलीत त्याला दुहेरी बंध फक्त एकाच ठिकाणी दिसत होते: ज्याने त्याला जन्म दिला त्या साखळीत. साखळी मधोमध तुटली, दोन आखूड तुकडे झाले, आखूड तुकडा पिवळा.

या वाटांपैकी एक उघडी ठेवायची आणि बाकीच्या बुजवायच्या, रेणूची खरी जुळणी ती. हेच रेणू सोलर सेलमध्ये, कर्करोगाच्या उपचारात, सनस्क्रीनमध्ये, चष्म्याच्या काचेत बसतात. प्रत्येक ठिकाणी हवी ती वाट वेगळी.

तुम्हाला असे रेणू कुठे भेटलेत? लिहा. प्रश्नही विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

साळुंकी

वाचनखूण साठवली. रसायनशास्त्र बारावीनंतर सोडलं, तरी ओसरी कळली.

एक शंका. निळीचा रेणू मी पाहिलाय चित्रात. चार कड्या, पिटुकला. तुमच्या लांबीच्या हिशोबाने तो फार तर पिवळा हवा. निळा कसा?

कॅमेराबाबा

माझी भर. फोटोग्राफीची फिल्म मुळात निळ्याच प्रकाशाला हलायची, कारण सिल्व्हर ब्रोमाइड निळ्याच्या पुढे काही शोषत नाही. म्हणून जुन्या फोटोंत आकाश पांढरंफटक आणि लाल ओठ काळे. १८७३ मध्ये हेरमान फोगेल यांच्या लक्षात आलं की काही काचा हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देताहेत. काचेत आतल्या आत होणारं परावर्तन थांबावं म्हणून त्यांना रंग दिलेला होता, आणि करामत त्या रंगाची होती. पुढे सायनिन रंग आले आणि फिल्मला लालही दिसायला लागला. आणि त्याबरोबर डार्करूममधला लाल दिवा गेला! आमच्या पिढीने पूर्ण अंधारात रीळ गुंडाळायला शिकलं ते रंगारी यांच्या या घराण्यामुळे.

रंगारी

कॅमेराबाबा, फिल्ममधला रंग नेमकं काय करतो ते बघा: फोटॉन गिळतो आणि इलेक्ट्रॉन सिल्व्हर ब्रोमाइडच्या पदरात टाकतो. हेच ध्यानात ठेवा, सोलर सेलपाशी परत लागेल.

साळुंकी, प्रश्न एकदम वर्मावरचा. निळीने रसायनशास्त्रज्ञांना बराच काळ छळलंय. आडॉल्फ फॉन बायर यांनी तिची रचना १८८३ मध्ये मांडली, कारखान्यात बनवून बाजारात यायला १८९७ उजाडलं, आणि एवढा छोटा रेणू ६०० च्या पुढे कसा शोषतो हे कोडं त्यानंतरही उरलं. उत्तर असं की बाजूच्या दोन बेंझिन कड्या जवळजवळ शोभेच्याच आहेत. मधला एक दुहेरी बंध, त्याच्या दोन्ही बाजूंना एक इलेक्ट्रॉन देणारा (नायट्रोजन) आणि एक ओढणारा (कार्बोनिल), तेही एकमेकांना आडवे छेदून. दोन देणारे, दोन घेणारे, एवढ्याशा जागेत. लांबी नाही, पण ओढाताण इतकी की उडी स्वस्त झाली. ऑटो विट यांनी १८७६ मध्ये रंगासाठी मूळ गट आणि त्याला जोर देणारा साहाय्यक गट अशी विभागणी केली होती, क्रोमोफोर आणि ऑक्सोक्रोम. निळीत हे दोघे वेगळे काढताच येत नाहीत.

मला निळीचं जास्त कौतुक वेगळ्याच गोष्टीचं आहे. पेरूच्या वाका प्रिएता इथे निळीने रंगवलेलं सुमारे ६००० वर्षांपूर्वीचं सुती कापड सापडलंय. एवढं टिकणारा रेणू निखाऱ्याचं करतो काय? फोटॉन गिळला की नायट्रोजनवरचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनकडे उडी मारतो आणि परत येतो, पिकोसेकंदांच्या हिशोबात सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. हजार फोटॉन गिळले तर दोनेक प्रकाश म्हणून परत येतात. ट्रिप्लेटमध्ये जायला सवडच मिळत नाही. माझ्या सायनिनला अशी चोरवाट नव्हती.

दंतकथा

दातांची डॉक्टर आहे, रोजच्या रोज असा रेणू वापरते. दातात पांढरं फिलिंग भरून त्यावर निळा दिवा धरतो ना, त्या लुकणात कॅम्फरक्विनोन असतं. कापरापासून बनलेलं, पिवळंजर्द. ४७० च्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं, मग सोबतच्या अमाइनशी मिळून मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेले उतावीळ तुकडे) तयार करतं आणि लुकण घट्ट होतं. दिव्यापुढची नारिंगी काच मुद्दाम त्याच निळ्याला गिळणारी.

आता गंमत. कॅम्फरक्विनोन प्रकाश शोषण्यात अगदीच मवाळ आहे. रंगारी ज्या सायनिनबद्दल बोलताहेत त्यांच्यापुढे तर नगण्य. आणि आम्हाला तेच हवंय! जोरदार शोषणारा रेणू घातला तर वरचा पातळ थरच सगळा प्रकाश खाईल आणि खाली लुकण मऊ राहील. मवाळ रेणू प्रकाशाला खाली जाऊ देतो, शिवाय काम करता करता त्याचा रंगही उडतो, म्हणजे वाट आणखी मोकळी. तरी साधारण दोन मिलिमीटरच्या वर एका वेळी भरत नाही.

एक अनुभव. मधे नवीन लुकण आणलं, पांढरंशुभ्र, पिवळेपणा अजिबात नाही. घट्टच होईना. टोकदार हत्याराने दाबलं तर खूण उमटायची. दिवा खराब झाला म्हणून दुसरा आणला, तरी तेच. शेवटी पत्रक नीट वाचलं: त्यात कॅम्फरक्विनोन कमी करून फॉस्फिन ऑक्साइड जातीचा रेणू घातला होता. तो ४०० च्या आसपास जांभळ्यात शोषतो, आणि माझा दिवा फक्त निळा. दोघे आपापल्या जागी उत्तम, पण एकमेकांशी ओळखच नाही. आता जांभळा आणि निळा दोन्ही देणारा दिवा वापरते.

शंकेखोर

सगळं छान. पण हे असले रेणू आपण अंगाला फासतो त्याचं काय? सनस्क्रीनमध्ये केमिकल असतं म्हणून मी खनिजवालंच वापरतो. ते नुसतं आरशासारखं परतवतं, शोषत बिषत नाही.

रंगारी

शंकेखोरजी, झिंक ऑक्साइड हेही केमिकलच की! आणि आरशाची गोष्ट पसरलेली असली तरी खरी नाही. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरण बहुतांशी शोषूनच घेतात. दोन्ही अर्धवाहक आहेत, साधारण ३७० ते ३९० नॅनोमीटरच्या खालचं गिळतात. परावर्तन आणि विखुरणं असतं, पण त्याचा वाटा थोडा. चेहरा पांढरा दिसतो तो दृश्य प्रकाश विखुरल्यामुळे.

पण तुमच्या शंकेत तथ्य आहे, फक्त ते दुसरीकडे आहे. ॲव्होबेन्झोन घ्या. ३५७ च्या आसपास शोषतो, लांब अतिनील अडवायला फार चांगला. पण त्याची दोन रूपं आहेत. एकात हायड्रोजन दोन ऑक्सिजनांच्या मधे बसलेला, निळीसारखीच चोरवाट. दुसऱ्यात ती वाट बंद. प्रकाश खाता खाता काही रेणू दुसऱ्या रूपात जातात, ट्रिप्लेटमध्ये अडकतात आणि तुटतात. म्हणजे राखणदारच उन्हाने आडवा. त्यात ऑक्टिनॉक्सेट मिसळलं तर दोघे एकमेकांशी विक्रिया करून आणखी लवकर संपतात. ऑक्टोक्रिलीन मिसळलं तर ते ॲव्होबेन्झोनची ट्रिप्लेट ऊर्जा काढून घेतं आणि त्याला वाचवतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा पाहून मी कधी सनस्क्रीन पारखत नाही, मागची घटकांची यादी बघतो. सवय.

साळुंकी

पण जे रेणू अजिबात तुटत नाहीत ते मग निसर्गात गेल्यावरही तुटत नसतील?

रंगारी

नाहीत ना. यूव्ही-३२८ हे त्याचंच उदाहरण. प्लास्टिक उन्हात पिवळं पडू नये म्हणून घालायचे, बेन्झोट्रायाझोल जातीचं. चोरवाट इतकी पक्की की वर्षानुवर्षं शाबूत. पण तो चरबीत साठतो, दूरवर पोचतो. २०२३ मध्ये चिवट प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम करारातल्या बंदीच्या यादीत गेला. तिकडे हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री प्रवाळांच्या काळजीने २०२१ पासून थांबवली. आम्ही टिकाऊपणाला गुण देत होतो, आणि तोच पुढे अवगुण ठरला. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही.

मुक्ताफळं

नमस्कार, मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. धाग्याशी थोडं अवांतर, पण विचारतेच. रोडामिन ६जी नावाचा रंग इथेनॉलमध्ये विरघळवून स्पेक्ट्रम घेतला, म्हणजे कुठली तरंगलांबी किती शोषली जाते त्याचा आलेख. पुस्तकात ५३० ला छान टोकदार शिखर आहे. माझ्याकडे ५०५ ते ५४५ पर्यंत सपाट पठार आलंय, ॲब्सॉर्बन्स ३.४ च्या आसपास, वरून दातेरी. यंत्र बिघडलंय का? द्रावण ०.१ मिलिमोलर आहे, क्युव्हेट (द्रावण भरायची चौकोनी नळी) एक सेंटिमीटरचा.

चक्रधर

यंत्र ठणठणीत आहे. गुणाकार कर. रोडामिन ६जीचा मोलर शोषणांक, म्हणजे एक मोलर द्रावणाचं एका सेंटिमीटरमधलं ॲब्सॉर्बन्स, इथेनॉलमध्ये सुमारे १,१६,०००. त्याला ०.०००१ ने गुण: ११.६. ॲब्सॉर्बन्स १ म्हणजे दहातला एक फोटॉन पार, २ म्हणजे शंभरातला एक. ११.६ म्हणजे चारशे अब्जांतला एक. तुझ्या यंत्रात इकडून तिकडून भटकणारा प्रकाशच यापेक्षा कितीतरी जास्त असतो. हजारात एक फोटॉन जरी भटका असला तरी यंत्र ३ च्या वर खरं बोलूच शकत नाही. तू पाहिलंस ते पठार भटक्या प्रकाशाचं आहे, रोडामिनचं नव्हे. वीसपट पातळ कर, मग ०.५८ यायला हवं.

आणि क्युव्हेट प्लास्टिकचा असेल तर ॲसिटोनने धुवू नकोस. दुधासारखा होतो. स्वानुभव.

आता रंगारी यांच्याशी भांडण. रंग मिळवणं सोपं?! मी संगणकावर हेच करतो, रेणू बनवण्याआधी त्याचा रंग सांगायचा. टीडी-डीएफटी नावाची पद्धत सगळे वापरतात, तिची चूक सहज पाव इलेक्ट्रॉनव्होल्टची (हे ऊर्जेचं एकक) असते. ऐकायला किरकोळ वाटतं. ५०० नॅनोमीटर म्हणजे २.४८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यात पाव इकडे तिकडे केलं की उत्तर ४५४ पासून ५५६ पर्यंत कुठेही. म्हणजे मी ज्याला लाल म्हणतोय तो बाटलीत पिवळा निघेल की जांभळा, सांगता येत नाही. आणि तुमच्या लाडक्या सायनिनांवर तर ही पद्धत हटकून फसते, नेहमी ऊर्जा जास्तच सांगते. देणारा आणि घेणारा एकमेकांपासून लांब असले की उलट, कमी सांगते.

त्यात सॉल्व्हंट. रायशार्टचा रंग म्हणून एक आहे. तोच रेणू, मिथेनॉलमध्ये लाल, इथेनॉलमध्ये जांभळा, ॲसिटोनमध्ये हिरवा. तीन परीक्षानळ्या शेजारी ठेवल्या तर एकच चूर्ण घातलंय यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आणि सगळ्यात मोठा दाखला आपल्या डोळ्यात आहे. रेटिनल नुसतं असेल तर ३८० ला शोषतं, म्हणजे आपल्याला दिसणारच नाही अशा ठिकाणी. रोडॉप्सिन प्रथिनाच्या खोबणीत बसलं की ५००. रंग ओळखणाऱ्या तिन्ही शंकूपेशींत हाच रेणू, फक्त खोबण वेगळी, आणि शिखरं ४२०, ५३० आणि ५६० च्या आसपास. रेणूला हातही न लावता एकशेचाळीस नॅनोमीटर. हे आम्हाला अजून धड जमत नाही, आणि तुम्ही सोपं म्हणता.

रंगारी

चक्रधर, मान्य, गणिताने सांगणं अवघड. मी म्हणतोय ते बाटलीत मिळवणं. तुमचा आकडा चुकला तर मी पुढचा रेणू बनवतो, चार फेऱ्यांत शिखर जागेवर येतं. निखाऱ्याचं तसं नाही, तिथे चाळीस फेऱ्यांतही येत नाही.

रेटिनलचा दाखला मात्र माझ्या बाजूचा. ते प्रकाश गिळतं आणि सुमारे दोनशे फेम्टोसेकंदांत वाकडं होतं ते सरळ होतं. इतक्या झटपट की दुसरी कुठली वाट सुचायच्या आत काम झालेलं असतं. तीनातले जवळपास दोन फोटॉन सत्कारणी.

आता सोलर सेल, जिथे माझी बरीच वर्षं गेली. १९९१ मध्ये ओ'रीगन आणि ग्रेट्झेल यांनी दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडच्या बारीक कणांच्या सच्छिद्र थरावर रंगाचा एक रेणू जाडीचा लेप दिला तर सात टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळते. टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः दृश्य प्रकाश शोषत नाही. रंग शोषतो आणि इलेक्ट्रॉन त्याच्या पदरात टाकतो. (कॅमेराबाबा, फोगेलचीच काच.) सपाट पृष्ठभागावर एका रेणूच्या थराने एक टक्काही प्रकाश अडत नाही, सच्छिद्र थरात तोच पृष्ठभाग हजारपट होतो म्हणून जमलं.

त्या सेलमधले गाजलेले रंग रुथेनियम या धातूचे. रुथेनियम दुर्मिळ म्हणून आम्ही निव्वळ सेंद्रिय रंग बनवायच्या मागे होतो. एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट, मधे पूल, दुसऱ्या टोकाला ओढणारा गट आणि त्यालाच टायटॅनियमला चिकटणारं कार्बोक्सिलिक आम्ल. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन चिकटलेल्या टोकाकडे सरकला पाहिजे. उलटा जोडलात तर रंग तोच, वीज नाही.

आमचा एक रंग रुथेनियमवाल्याच्या तिप्पट जोरात शोषायचा. थर इतका गडद व्हायचा की काच काळपट लाल दिसायची. वीज निम्मी. का? रेणू चपटे होते, पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक बसत. फोटॉन गिळला की ऊर्जा शेजाऱ्याकडे, तिथून त्याच्या शेजाऱ्याकडे, आणि शेवटी उष्णता. दोन उपाय केले. एक, रेणूला लांब हायड्रोकार्बन शेपट्या लावल्या, म्हणजे जवळ यायला नकोत. दुसरा उपाय ऐकून लोक हसतात: लेप देताना द्रावणात पित्तातलं एक आम्ल मिसळायचं, किनोडिऑक्सिकोलिक. ते जाडजूड, बिनरंगी, रेणूंच्या मधेमधे जाऊन बसतं. काचेचा रंग फिका पडला आणि वीज वाढली. मी त्या दिवशी तो सेल तीन वेळा मोजला होता.

आणि टिकाऊपणा: वीस वर्षं उन्हात चालायचं तर प्रत्येक रेणूने इलेक्ट्रॉन देऊन परत मिळवायचा हा फेरा साधारण दहा कोटी वेळा करायला हवा. माझं सायनिन आठवा. दोन दिवस.

कॅमेराबाबा

मग आता हे सेल कुठे आहेत? छपरांवर तर सिलिकॉनच दिसतं.

रंगारी

छपरावर हरलोच. घरातल्या मंद उजेडात ते अजून बरे चालतात, म्हणून छोट्या उपकरणांत आहेत. खरा टोला घरातूनच बसला. २००९ मध्ये मियासाका यांच्या जपानी गटाने याच सेलमध्ये सेंद्रिय रंगाच्या जागी लेड हॅलाइड पेरोव्स्काइट, म्हणजे शिशाचं एक स्फटिकी संयुग, घालून पाहिलं. ३.८ टक्के, द्रवात विरघळूनही जायचं. आम्ही नाकं मुरडली. आज पेरोव्स्काइटच्या सेलची कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या वर आहे. शिसं आणि ओलावा ही त्याची दुखणी आहेत, पण नाक मुरडायची सोय राहिली नाही.

जुनीतबकडी

कोणाला रिकाम्या सीडी आठवतात का, घरी लिहायच्या? मागची बाजू कधी निळी, कधी हिरवट, कधी सोनेरी. तो रंग म्हणजे हेच. सायनिन, अझो नाहीतर थॅलोसायनिन. ७८० नॅनोमीटरचा लेसर जोरात मारला की रंग तिथे जळून खूण उमटायची, मंद मारला की नुसतं वाचायचं. तोच लेसर, तोच रेणू. माझ्या सायनिनवाल्या काही तबकड्या गाडीत उन्हात राहून बाद झाल्या, थॅलोसायनिनवाल्या अजून चालतात. कारण आज कळलं!

दंतकथा

रंगारी, कर्करोगाच्या उपचाराचं राहिलं.

रंगारी

हो, ते राहिलं. तिथे माझ्या बाटलीतला खलनायक हाच नायक. रेणू गाठीत पोचवायचा, प्रकाश टाकायचा, ट्रिप्लेटमध्ये ढकलायचं, सिंगलेट ऑक्सिजनने पेशी मारायची. कल्पना जुनी: १९०० च्या सुमारास ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं की ॲक्रिडिन हा रंग घातलेल्या पाण्यातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात, अंधारात जगतात. फोटोफ्रिन हे यातलं पहिलं मान्यताप्राप्त औषध, १९९३ मध्ये कॅनडात. ते ६३० ला वापरतात, पण तिथे त्याचं शोषण अगदी दुबळं आहे. निळ्यात ते कितीतरी जास्त शोषतं, पण निळा प्रकाश रक्त आणि त्वचा वरच्यावर खातात, आत जात नाही. शिवाय ते त्वचेत रेंगाळतं, रुग्णाला महिनाभर तरी उन्हापासून जपावं लागतं.

मग सगळे जण ६५० च्या पलीकडे शोषणाऱ्या रेणूंच्या मागे. पण तिथे भिंत आहे. सिंगलेट ऑक्सिजन बनवायला सुमारे ०.९८ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतातच. तरंगलांबी वाढवाल तशी ट्रिप्लेटची ऊर्जा घसरते, आणि ८५० च्या पुढे गेलात की ऑक्सिजनला द्यायला पुरेसं उरत नाही. ट्रिप्लेटमध्ये ढकलायला ब्रोमीन नाहीतर आयोडीनसारखा जड अणू लावतात. मी सायनिनमधून जड अणू हाकलत होतो, शेजारच्या टेबलावरचे ते मुद्दाम लावत होते. आमच्या टाकाऊ बाटल्या ते हौसेने मागून न्यायचे.

शंकेखोर

मगाशी उगाच वाद घातला, आता एक आवडलेली बातमी देतो. २०२४ च्या सप्टेंबरात स्टॅनफर्डच्या गटाने टार्ट्राझिन, तोच खाण्याचा पिवळा रंग, पाण्यात दाट कालवून उंदराच्या पोटावर चोळला. कातडी पारदर्शक झाली, आतडी हलताना दिसली. धुतलं की पूर्ववत. रंग लावल्यावर पारदर्शक? मला तर चेष्टाच वाटली होती.

चक्रधर

चेष्टा नाही, हे अगदी जुनं भौतिकशास्त्र आहे. टार्ट्राझिन ४२८ च्या आसपास जोरदार शोषतं. जिथे शोषण जबर, त्याच्या लांब तरंगलांबीच्या बाजूला अपवर्तनांक वाढतो, हे दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू आहेत. कातडी अपारदर्शक का? तिच्यातल्या पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि चरबी-प्रथिनांचा त्याहून जास्त, म्हणून प्रकाश पावलोपावली विखुरतो. पाण्यात टार्ट्राझिन गेलं की पाण्याचा अपवर्तनांक लाल प्रकाशासाठी वर सरकतो, दोघांतला फरक मिटतो, विखुरणं थांबतं. निळा गेला तो गेला, लाल मात्र आरपार. म्हणून ते नारिंगीलाल दिसतं. इथे तर शोषलेल्या फोटॉनचं काय झालं याच्याशी कोणाला देणंघेणंच नाही, रंगारीसाहेब!

रंगारी

हा वर्मी लागला. :)

मुक्ताफळं

चक्रधर सर, वीसपट पातळ केलं. ५३० ला टोकदार शिखर, ०.५७! पण ५०० च्या जवळ डाव्या अंगाला एक खांदा दिसतोय. रेणू एकमेकांना चिकटताहेत का, पत्त्यांच्या कॅटासारखे?

चक्रधर

स्वतःच शोध. आणखी दोनदा निम्मं निम्मं पातळ कर आणि प्रत्येक वेळी खांद्याची उंची भागिले शिखराची उंची काढ. चिकटत असतील तर पातळ केल्यावर खांदा शिखरापेक्षा झपाट्याने उतरेल. गुणोत्तर तेच राहिलं तर खांदा एकट्या रेणूचाच आहे, त्याच्या कंपनांमुळे आलेला.

मुक्ताफळं

शिखर ०.५७, ०.२९, ०.१४. गुणोत्तर तिन्ही वेळा तेच आलं. म्हणजे एकट्याचाच!

पाण्यात करून बघू का? आणि उरलेलं द्रावण खिडकीत ठेवून बघू का, रंगारी सरांसारखं?

रंगारी

पाण्यात कर, तिथे दाट द्रावणात जोड्या जमतात, खांदा वर येताना दिसेल. खिडकीतही ठेव. पण दोन बाटल्या कर, एक उघडी, एक फॉइलमध्ये गुंडाळलेली, आणि दोन्हीचं ॲब्सॉर्बन्स आजच मोजून वहीत लिही. मी त्या शुक्रवारी शिखर कुठे आहे ते लिहिलं होतं, किती उंच आहे ते नव्हतं.